टॉर्चमध्ये रुबेला आयजीजी निगेटिव्ह आलंय. लस घ्यायची का? घरी नको म्हणतात

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २८, लग्नाला दीड वर्ष झालं. मार्चमध्ये दिवस राहिले होते, पण सहाव्या आठवड्यातच गेलं. आता पुढचा चान्स घेण्याआधी मॅडमनी टॉर्च, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या आजारांसाठीची रक्ततपासणी करायला सांगितली. बाकी सगळं ठीक आहे, फक्त रुबेलाचं आयजीजी निगेटिव्ह आणि आयजीएमही निगेटिव्ह. मॅडम म्हणाल्या, एमएमआरचं, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचं इंजेक्शन घ्या, मग एक महिना थांबा, मग बघू.

सासूबाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, लहान पोरांची लस बाईमाणसाला कशाला, गोवर तर सगळ्यांनाच येऊन जातो. आईने गावी ट्रंकेतून माझं पिवळं कार्ड शोधून फोटो पाठवला. त्यावर बीसीजी, ट्रिपल, पोलिओ आणि शेवटी गोवर, असे शिक्के आहेत. वर आई म्हणते की दुसरीत असताना मला गोवर निघालाही होता. मग रुबेला वेगळा असतो का? नणंद दिव्याला राहते, तिच्या मुलाला गेल्याच आठवड्यात अंगावर बारीक लाल पुरळ आलं होतं. दोन-तीन दिवसांत गेलं, पोरगा खेळत होता. एवढ्याशा आजाराला एवढं का घाबरतात?

महिनाभर थांबायचं म्हटलं की घरी वाटतं मी टाळाटाळ करतेय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कोपरीची_आई

ऐरोलीच्या ताई, लस घ्या. यावेळी पाळी आली की लगेच जाऊन घ्या आणि मॅडम म्हणतात तसा महिना जाऊ द्या.

आधी एक गोष्ट तुमच्या मनातून काढून टाकते, कारण रिपोर्ट बघून ती मनात येतेच. आयजीजी म्हणजे आधी होऊन गेलेल्या आजाराची किंवा लसीची रक्तातली खूण, आयजीएम म्हणजे ताज्या संसर्गाची. दोन्ही निगेटिव्ह म्हणजे तुम्हाला रुबेला आजवर झालेलाच नाही. मार्चमध्ये जे झालं ते रुबेलामुळे झालेलं नाही. आणि हो, रुबेला वेगळा. गोवराचा विषाणू वेगळा, याचा वेगळा, एक होऊन गेल्याने दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. त्यात आपल्याकडे पुरळ उठलं की सरसकट गोवर म्हणतात, त्यामुळे दुसरीत नेमकं काय झालं होतं ते तुमचं रक्तच सांगणार, आणि ते त्याने सांगितलंय.

आता माझं सांगते. लांबेल, पण वाचा, आणि जमलं तर सासूबाईंनाही वाचून दाखवा.

२०१२ चा मे महिना. मी वागळे इस्टेटमध्ये एका छपाई कारखान्यात हिशेब बघायचे. वर पत्रा, घाम नुसता निथळायचा. मला दुसरा महिना चालू होता. एका सकाळी आंघोळीच्या वेळी मानेवर आणि पोटावर गुलाबी पुरळ दिसलं. मला वाटलं घामोळं. ताप म्हणावा तर अंग नुसतं कोमट. केस विंचरताना मात्र कानामागे कंगवा लागला की दुखायचं, हात लावून पाहिलं तर वाटाण्याएवढ्या दोन गाठी. कारखान्यात पॅकिंगला असलेल्या एका मुलाच्या अंगावरही तसंच आलं होतं, आम्ही दोघांनी उन्हाळ्याला दोष दिला. संध्याकाळी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. दिवस गेल्याचं मी सांगितलं होतं. त्यांनी ॲलर्जीची गोळी दिली आणि काही काळजी नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी अंग स्वच्छ. मी एकही सुट्टी घेतली नाही.

ताई, तुम्ही विचारलंत की एवढ्याशा आजाराला का घाबरतात. आजार एवढासाच असतो. कित्येकांना तर पुरळही येत नाही, आणि तरी तो दुसऱ्याला लागतो. पण पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर दहापैकी आठ-नऊ बाळांना काही ना काही इजा होते. त्याच आठवड्यांत डोळ्याचं भिंग, कानाचा आतला भाग आणि हृदय घडत असतं. सोळा आठवड्यांनंतर धोका खूप कमी होतो, वीसनंतर जवळजवळ राहत नाही. मला झाला तेव्हा आठवा आठवडा होता.

मुलगी जानेवारी २०१३ मध्ये झाली. दिवस पूर्ण भरले होते, तरी वजन एक किलो नऊशे. सगळे म्हणाले आई बारीक, पोर बारीक. बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी मालिशवाल्या मावशी तिला पायांवर घेऊन खिडकीपाशी बसल्या होत्या. बाहेरचं ऊन तिच्या तोंडावर आलं आणि मावशी म्हणाल्या, "वहिनी, हिच्या डाव्या डोळ्यात दुधाचा थेंब उडाला बघा." मी पदराच्या टोकाने टिपायला गेले. थेंब बाहुलीच्या आत होता.

मोतीबिंदू. तेरा दिवसांच्या पोरीला. आठवड्याभरात कळलं की दुसऱ्या डोळ्यातही सुरुवात आहे. भूल द्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयातून सलग मशीन चालल्यासारखा आवाज येत होता. जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी अशी एक रक्तवाहिनी उघडीच राहिली होती, तिला पीडीए म्हणतात. डोळा, हृदय आणि कमी वजन, हे तिन्ही एकत्र पाहिल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, "दिवस असताना अंगावर पुरळ उठलं होतं का?" बाळाचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं. आईकडचं आयजीएम नाळेतून पोटातल्या बाळाकडे जात नाही, त्यामुळे ते बाळाचं स्वतःचं, म्हणजे संसर्ग पोटातच झालेला.

डोळ्यांचे डॉक्टर फार चांगले भेटले. मी त्यांना सारखं विचारायचे, माझं काय चुकलं. त्यांनी एक दिवस ओपीडी संपल्यावर बसवून घेतलं आणि ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डॉक्टरांची हकिगत सांगितली. १९४१ साली सिडनीत त्यांच्याकडे मोतीबिंदूची बाळं अचानक जास्त यायला लागली. बाहेर बसलेल्या बायका आपसात बोलत होत्या की दिवस असताना आम्हाला जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, झाला होता, आणि ग्रेग यांनी ते बोलणं ऐकून घेतलं, बाजूला सारलं नाही. ७८ बाळांची माहिती जमवली, त्यांतल्या ६८ जणांच्या आयांना तो आजार झालेला होता. त्याआधी जगात कुणालाच हे माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांना जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला घामोळं वाटलं यात तुमचा काय दोष? त्या रात्री मला किती महिन्यांनी झोप लागली. पण एक प्रश्न उरलाच. १९४१ मध्ये कळलं, १९६९ मध्ये अमेरिकेत लस आली, आणि २०१२ मध्ये ठाण्यात मला ती कुणी दिली नव्हती.

अडीचाव्या महिन्यात डोळ्यांची ऑपरेशनं झाली. भिंग काढल्यावर एवढ्याशा नाकावर जाड काचांचा चष्मा, मागून इलॅस्टिकने बांधलेला. आठव्या महिन्यात हृदयाचं झालं. आणि त्याच सुमारास लक्षात आलं की कुकरची शिट्टी झाली तरी पोर दचकत नाही. खरं तर आधी लक्षात यायला हवं होतं. पण दिसत नाही म्हणून प्रतिसाद देत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. बेरा ही कानाची तपासणी केली, दोन्ही कान जवळजवळ पूर्ण गेलेले. जन्मजात रुबेलामध्ये सगळ्यात जास्त आढळतं ते बहिरेपण, हे मला नंतर कळलं. म्हणून ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना हात जोडून सांगते, डोळ्यांच्या धावपळीत कानाची तपासणी मागे टाकू नका.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अशा बाळाच्या घशातून आणि लघवीतून विषाणू वर्षभर बाहेर पडू शकतो. आमच्या घरी तेव्हा माझी जाऊ तीन महिन्यांची गरोदर होती. एकच घर, एकच मोरी. बाळाची दुपटी तीच धुवायची, कारण मी उठत नव्हते. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या संध्याकाळी भाऊजी तिला रिक्षात घालून माहेरी सोडून आले. तिच्या रक्ताचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सासूबाईंनी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं, म्हणजे तिला लहानपणी कधीतरी होऊन गेलेला होता आणि तिचं बाळ सुरक्षित होतं. एका घरातल्या दोन सुना, एकीला पोरवयात झाला म्हणून वाचली, एकीला दुसऱ्या महिन्यात झाला. लस नसली की सगळं असं नशिबावर.

माझी नोकरी सुटली. तीन वर्षं ठाणे-दादर, दादर-वांद्रे, पोरगी कडेवर आणि श्रवणयंत्राची डबी ब्लाऊजच्या आत घामापासून जपलेली. वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत मार्ग दाखवणारी माणसं मिळाली. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून साडेतीन वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र, झालं. त्यानंतरही लगेच ऐकू येतं असं नाही, आवाज कानात पडतो पण त्याचा अर्थ मेंदूला शिकवावा लागतो. रोज तेच. "हा बघ भोंगा. भोंगा कोण वाजवतो?" साडेचार वर्षांची असताना एका सकाळी खाली पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला आणि ती हातातला चमचा टाकून दाराकडे बोट करून म्हणाली, "पाव." मी तशीच पळत खाली गेले, आणि त्या दिवशी दोन डझन पाव घेतले.

आता बारा वर्षांची आहे. पुस्तक नाकाला लावून वाचते, गणित मनापासून आवडतं. साखरेची आणि थायरॉइडची तपासणी दर वर्षी होते, कारण ते पुढे जाऊन उद्भवू शकतं. माझी पोर गुणी आहे, तिच्याबद्दल मला कुणाची कीव नको. पण जे तिने सोसलं ते एका इंजेक्शनने टळलं असतं, आणि तुमच्यापुढे ते इंजेक्शन आहे. एका महिन्याचा प्रश्न आहे ताई.

निवृत्त_सिस्टर

कोपरीच्या ताई, वाचताना डोळे भरून आले. मी नवी मुंबईत नागरी आरोग्य केंद्रात २६ वर्षं एएनएम, म्हणजे लसीकरण करणारी परिचारिका होते. तुमच्या "मला कुणी दिली नव्हती" याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण न देणाऱ्यांत मी पण होते. आमच्या हातात ती लसच नव्हती.

१९८५ साली देशाचा लसीकरण कार्यक्रम आला, त्यात गोवर होता, रुबेला नव्हता. ज्यांना परवडायचं ते खाजगीत पंधराव्या महिन्याला एमएमआर द्यायचे. सरकारी कार्डावर फक्त गोवर, ऐरोलीच्या मॅडमच्या पिवळ्या कार्डासारखा. एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस, देशात २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला. नऊ महिने ते पंधरा वर्षं, सगळ्यांना एक डोस, आधी काही घेतलं असो वा नसो. तेव्हापासून नियमित कार्यक्रमातही नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा.

आता हिशेब करा. २०१८ च्या शेवटी पंधरा वर्षं पुरी केलेली मुलगी मोहिमेतून सुटली. म्हणजे २००३ च्या आधी जन्मलेल्या आणि सरकारी कार्डावर वाढलेल्या बहुतेक बायकांना रुबेलाची लस मिळालेलीच नाही. आज लग्नं होतायत, पाळणे हलतायत ते याच बायकांच्या घरी. ऐरोलीच्या मॅडम, तुम्ही अगदी त्याच वयातल्या.

पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना एकदम का टोचलं, असं तेव्हा पालक आम्हाला विचारायचे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला ग्रीसचं उदाहरण दिलं होतं. तिथे लस आली, पण निम्मीअर्धी मुलंच घेत होती. त्यामुळे आजाराचं फिरणं कमी झालं, पण थांबलं नाही. मुली लहानपणी आजारी न पडता, लसही न घेता मोठ्या झाल्या, आणि १९९३ साली साथ आली ती बाळंतपणाच्या वयातल्या बायकांमध्ये. रुबेलाची लस अर्धवट दिली तर आधीपेक्षा वाईट होऊ शकतं. म्हणून आम्ही घरोघर फिरून एकेक सुटलेलं पोर शोधत होतो. मोहिमेच्या काळात देशात दरवर्षी तीस-चाळीस हजार बाळं हा आजार घेऊन जन्मतात असा अंदाज आम्हाला सांगितला होता.

मोठ्या बायकांना ही लस महापालिकेच्या केंद्रात नेहमीच्या कार्यक्रमात मिळत नाही, ती खाजगीतच घ्यावी लागेल. जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो, म्हणून गरोदरपणात देत नाहीत आणि नंतर महिनाभर थांबायला सांगतात. चुकून लस घेतली आणि मग दिवस असल्याचं कळलं तर त्यासाठी गर्भ पाडायची गरज नसते, हेही लिहून ठेवते, कारण या भीतीने बायका परस्पर निर्णय घेतात. लसीमुळे बाळाला जन्मजात रुबेला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही. मोठ्या बायकांना एक ते तीन आठवड्यांत बोटांची पेरं, गुडघे दुखू शकतात, ते आपोआप जातं. आणि गरोदरपणात तपासून निगेटिव्ह निघालेल्यांनी बाळंतपण झाल्यावर घरी जायच्या आधीच घ्यावी, अंगावर पाजत असलात तरी चालते.

माजिवडा_काका

मी डॉक्टर नाही, शंका म्हणून विचारतो, राग मानू नका. आमच्या लहानपणी सगळ्यांना हे आजार होऊन गेले आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळाली. माझ्या तीन बहिणींची मुलं धडधाकट आहेत. मग नैसर्गिक काय वाईट? २०१८ ला व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय येत होतं, त्यामुळे आम्ही नातवाला शाळेत लस देऊ दिली नव्हती. तो आता तेरा वर्षांचा आहे.

कोपरीची_आई

काका, राग नाही. होऊन गेला की बहुधा आयुष्यभराचं संरक्षण मिळतं हे खरंच आहे, माझी जाऊ त्यावरच वाचली. तुमच्या बहिणींनाही लहानपणी होऊन गेला असणार. पण तो लहानपणीच होईल की दुसऱ्या महिन्यात, हे कुणाच्या हातात नसतं. अमेरिकेत १९६४-६५ मध्ये साथ आली तेव्हा वीस हजार बाळं हा आजार घेऊन जन्मली, त्यांतली अकरा हजारांच्या आसपास बहिरी होती. लस येण्याआधीची ही गोष्ट. आणि २०१५ मध्ये उत्तर-दक्षिण अमेरिका मिळून तो सगळा भाग रुबेलामुक्त जाहीर झाला. मधल्या काळात बदललं ते लसीकरणच.

२०१८ चं मला चांगलं आठवतंय. माझ्या मुलीची शाळा नवीन होती. वर्गाबाहेर पालक घोळका करून उभे होते, कुणी फोन दाखवत होतं, कुणी दप्तरासकट पोराला परत नेत होतं. मी मुलीला रांगेत पुढे केलं. तिला रुबेलाचं आता काय करायचं, असं माझ्याही मनात आलं होतं, पण गोवराची गरज तिलाही होतीच. तिने दंड पुढे केला, टोचल्यावर थोडी रडली आणि अंगठ्यावरची शाई सगळ्यांना दाखवत फिरली. रांगेतून बाजूला उभ्या असलेल्या एका आईने मला विचारलं, हिला चष्मा आणि कानाचं मशीन कशामुळे? मी सांगितलं. तिने काही उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांनी तिचा मुलगा रांगेत होता.

तुमचा नातू पुढे कुणाच्या तरी शेजारी बसेल, ट्रेनमध्ये उभा राहील, त्याची बायको गरोदर असेल. मला कारखान्यात एका मुलाकडूनच झाला. नातवाला द्या काका.

निवृत्त_सिस्टर

काका, कार्यक्रमात एमआर पाच वर्षांपर्यंतच मिळते, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर द्या. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

घणसोलीकर_संजय

पुरुषांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. २०१३ मध्ये कंपनीने मला सव्वा वर्षासाठी योकोहामाला पाठवलं होतं. तेव्हा जपानमध्ये रुबेलाची मोठी साथ होती आणि रुग्ण बहुतेक तीस-चाळिशीतले नोकरदार पुरुष. कारण तिथे पूर्वी शाळेत फक्त मुलींनाच लस द्यायचे. मुली वाचतील असा हिशेब होता, पण ऑफिसातून घरी विषाणू नेणारे नवरेच निघाले. २०१२ ते २०१४ च्या दरम्यान तिथे ४५ बाळं जन्मजात रुबेलाची झाली. पुढे २०१९ पासून त्यांच्या सरकारने १९६२ ते १९७९ या काळात जन्मलेल्या पुरुषांची तपासणी आणि लस मोफत केली.

आमच्या विभागात एक बाई गरोदर होत्या. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की जमेल त्यांनी लस घ्या, आणि अंगावर पुरळ आलं तर कामावर येऊ नका. मीही घेतली. ऐरोलीच्या ताई, तुमच्या मिस्टरांनाही सोबत घेऊन जा. ठाणे-वाशी ट्रेनमध्ये सकाळी आठ चाळीसला आपण किती जणांच्या तोंडाशी तोंड लावून उभे असतो ते तुम्हाला माहीतच आहे.

बालवाडीताई_कोपरखैरणे

मला मदत हवी आहे. मी खाजगी बालवाडीत शिकवते. अकरावा आठवडा चालू आहे. परवा गटातल्या एका मुलाच्या अंगावर पुरळ दिसलं, त्याची आई म्हणाली डॉक्टरांनी व्हायरल सांगितलंय. तो दिवसभर माझ्या मांडीवर होता. हा धागा रात्री वाचला आणि तेव्हापासून पोटात गोळा आलाय. माझी कधी तपासणी झालेली नाही. जन्म १९९७, लातूरकडचं गाव, कार्ड नाही. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

कोपरीची_आई

ताई, आधी नवऱ्याला सांगा, आत्ता. हे एकटीने काढायचे दिवस नाहीत. आणि घाबरू नका, प्रत्येक पुरळ रुबेला नसतं. उद्या सकाळीच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि पुरळ आलेल्या मुलाला किती तारखेला मांडीवर घेतलं ते नेमकं सांगा. "काही होत नाही" असं म्हणून परत पाठवलं तर उठू नका, आयजीजी आणि आयजीएम दोन्ही लिहून घ्या. मी उठले होते.

निवृत्त_सिस्टर

बरोबर. आणि उद्याच का, ते समजून घ्या. संसर्ग नवीन असेल तर रक्तात आयजीजी दिसायला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. तो मुलगा पुरळ येण्याआधी आठवडाभरही संसर्गजन्य असू शकतो, तरी उद्याच्या रक्तात आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं तर ते जुनंच संरक्षण असण्याची शक्यता दांडगी. दोन्ही निगेटिव्ह आलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. नुसतं आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी लगेच काही ठरवू नका, ते चुकीचंही येतं, अशा वेळी आयजीजीची ॲव्हिडिटी, म्हणजे ते विषाणूला किती घट्ट चिकटतं ते तपासतात, त्यावरून संसर्ग जुना की ताजा ते कळतं. पहिला नमुना लॅबला जपून ठेवायला सांगा, दुसऱ्यासोबत शेजारी लावून तपासता येतो.

दुसरं म्हणजे त्या मुलाचं. ताप आणि पुरळ असलेलं प्रत्येक मूल आरोग्य केंद्राला कळवायचं असतं, त्याचं रक्त गोवर-रुबेलासाठी सरकारी प्रयोगशाळेत मोफत तपासतात. पुरळ आल्यापासून २८ दिवसांच्या आत नमुना घेता येतो. तुमच्या बाईंना सांगा, केंद्रात एक फोन करायचा आहे. त्याच्या रिपोर्टवरून तुमचंही निम्मं उत्तर मिळेल, आणि त्या बालवाडीत आणखी कुणाच्या आईला दिवस असतील तर तिलाही वेळेत कळेल. ऐरोलीच्या मॅडम, तुमच्या नणंदेच्या मुलाचंही कळवा, अजून वेळ गेलेली नाही.

ऐरोली_सेक्टर८

सगळ्यांचे मनापासून आभार. कोपरीच्या ताईंचं लिहिलेलं मी सासूबाईंना रात्री जेवणानंतर वाचून दाखवलं. दुधाच्या थेंबापर्यंत आले आणि मलाच पुढे वाचता येईना, मग ह्यांनी वाचलं. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी जन्मतः बहिरी आणि एका डोळ्याने अधू होती, सहा वर्षांची होऊन गेली. घरात सगळे ग्रहणात भाजी चिरली म्हणून त्या बहिणीला बोलायचे. आयुष्यभर. सासूबाई म्हणाल्या, आता ती नाही, नाहीतर तिला सांगितलं असतं.

काल पाळीचा तिसरा दिवस होता. लस घेतली. ह्यांनीही घेतली. सासूबाई स्वतः सोबत आल्या होत्या. नणंदेला फोन केलाय, तिच्याकडच्या आशाताई उद्या येऊन जाणार आहेत.

बालवाडीताई_कोपरखैरणे

रिपोर्ट आला. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. मॅडम म्हणाल्या, जुनं आहे, तुला आधीच होऊन गेलाय. तरी खात्रीसाठी दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. आईला फोन करून विचारलं तर तिला काहीच आठवत नाही. म्हणाली, अंगावर बारीक काहीतरी आलं असेल, चार पोरांत कुणाचं काय लक्षात राहतंय.

त्या मुलाचं रक्त केंद्रातल्या सिस्टर काल घेऊन गेल्या. आमच्या बाईंनी सगळ्या पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला, तर दोघींनी लगेच फोन केला, दोघींना दिवस आहेत. एकीला तिसरा महिना. तिला हा धागा पाठवलाय. सिस्टर, ती इथे लिहायला लाजतेय, पण वाचतेय. तिचं उद्या सकाळी रक्त आहे, मी सोबत जाणार आहे.